ट्यून केलेली गाडी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हीट होते? कूलिंग सिस्टीम कुठून सुधारायची

रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल गाडी पुण्यात वर्षभर गुमान चालते आणि मे महिन्यात लातूर-नांदेड रस्त्यावर टेम्परेचरचा काटा वर न्यायला लागते, ही तक्रार माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते. मित्रमंडळींत कोड लिहिणारा आणि गाडीखालीही शिरणारा मी एकटाच, म्हणून असेल. प्रश्नही ठरलेला असतो: "मोठा रेडिएटर कोणता टाकू?"

माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मोठा रेडिएटर सहसा लागतच नाही. लागला तरी तो यादीत बराच खाली येतो. आधी गाडीतली मूळ सिस्टीम कंपनीने दिली होती तशी धडधाकट आहे का ते बघायचं. का, ते नीट समजून घेऊ, कारण इथे चुकलं तर थेट हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं.

आपल्याकडे 'परफॉर्मन्स कार' म्हणजे काही फेरारी नव्हे. २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय (१.२ लिटर, १०५ पीएस), २०१५ ची १४५ बीएचपीची अबार्थ पुंतो, बलेनो आरएस, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या ऑक्टाव्हिया. सेकंडहँड घ्यायची, स्टेज वन रिमॅप मारायचा, जमलं तर इनटेक आणि एक्झॉस्ट बदलायचा. हा लेख अशाच गाड्यांसाठी आहे.

बाहेर एक अंश वाढला की आत एक अंश

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, तेवढाच एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि उरलेल्यातला बहुतेक भाग कूलंट आणि ऑइलला उचलावा लागतो. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देतंय, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला हवेत टाकायची असते.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे मुख्यतः कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरा. पुण्यात पावसाळ्यात हवा २८ अंश, म्हणजे फरक ६७. नांदेडला मे महिन्यात दुपारी ४४, म्हणजे फरक ५१. रेडिएटर तोच, वेग तोच, पण क्षमता जवळजवळ २४ टक्क्यांनी उतरली. त्यात एसी. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो आणि त्यातून जाणारी हवा आधीच तापते. ती १० अंशांनी तापली असं धरलं तर फरक उरतो ४१, म्हणजे पावसाळ्यातल्या आकड्याच्या जेमतेम ६१ टक्के. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मग होतं काय? फरक पुन्हा पुरेसा होईपर्यंत कूलंटच गरम होत जातं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असेल आणि इंजिनावरचा भार तोच असेल, तर बाहेर १ अंश वाढला की आतही साधारण १ अंश वाढतो. म्हणून खरा प्रश्न 'थंड किती होतं' हा नसून 'उकळायला किती जागा शिल्लक आहे' हा आहे. ही जागा मिळते ती कॅपमुळे आणि कूलंटमुळे.

कॅप

साधं पाणी लातूरच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. बंद सिस्टीममध्ये दाब वाढला की उकळबिंदू वर सरकतो, दर १ पीएसआयला दीड अंशाहून थोडा जास्त. अर्धं कूलंट, अर्धं पाणी आणि १.१ बारची चांगली कॅप असेल तर मिश्रण १३० अंशांच्या आसपास उकळतं. नुसतं पाणी आणि रबर कडक झालेली गळकी कॅप असेल तर ९८ वरच. हा फरक ३० अंशांचा आहे, आणि एवढी जागा कुठलाही ॲल्युमिनियम रेडिएटर देत नाही.

कॅप आठ-दहा वर्षं जुनी असेल तर सरळ नवीन, ओरिजिनल आणि त्याच दाबाची घ्या. 'हाय प्रेशर रेसिंग कॅप' नावाने जे ऑनलाइन मिळतं ते रस्त्याच्या गाडीला टाकू नका. जुन्या गाडीतला सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे रेडिएटरची प्लास्टिक टाकी आणि होज पाईप. दाब वाढवला की ते फुटतात, तेही नेमके अहमदपूरच्या पुढे सावली नसते तिथे.

पाणी, म्हणजे आपलं खरं दुखणं

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे अख्ख्या देशाने पाहिलं. एरवीही आपल्या भागात घरोघरी बोअर आणि टँकरचाच आधार. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारं हे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. रेडिएटरला असं चालवून घेणं जमत नाही.

गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच थर इंजिनाच्या आत बसतो. आणि तो बसतो सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हा क्षार उष्णता जवळपास शंभरपट कमी वाहून नेतो. सेन्सर कूलंटचं तापमान ठीक दाखवतो आणि आतला धातू मात्र भाजत असतो. ट्यून केलेल्या इंजिनात नॉकिंग सुरू व्हायला एवढं पुरेसं आहे.

उपाय स्वस्त आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात कॅनने मिळतं. जुनं कूलंट पूर्ण काढायचं, बॅटरीच्या पाण्याने दोन-तीनदा फ्लश करायचं, मग कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं भरायचं. प्रीमिक्स घेतलं तर हाही व्याप नाही. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, अँटीफ्रीझ कशाला?" असं विचारणारे भेटतात. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज रोखतात, म्हणून. एक गोष्ट मात्र खरी आहे: नुसतं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता उचलतं. त्यामुळे 'जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड' या समजातून ७०-८० टक्के कॉन्सन्ट्रेट ओतू नका, निम्म्यावर थांबा.

कूलंट निवडताना रंग बघू नका. गुलाबी, हिरवा, जांभळा यांचं कसलंही सर्वमान्य मानक नाही. बाटलीवर कंपनीचा स्पेसिफिकेशन नंबर असतो, तो मॅन्युअलशी जुळवा. युरोपीय कंपन्या त्यांच्याकडच्या जड पाण्यामुळे कूलंटमध्ये फॉस्फेट टाळतात, कारण फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की गाळ होतो. जपानी कंपन्या फॉस्फेट वापरतात. आता फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतलं तर काय होईल, ते सांगायला नको.

ट्रॅफिकमध्ये तापते की हायवेला?

गॅरेजला जाण्याआधी एवढं बघितलंत तरी निम्मं निदान होतं.

नांदेडला वजिराबादच्या गर्दीत काटा चढतो आणि गाडी धावायला लागली की उतरतो, तर दोष हवेचा आहे: फॅन, त्याचा रिले, फ्यूज किंवा फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर. इथे रिमॅपचा संबंध नाही. आयडलवर ट्यून केलेलं इंजिन मूळच्या इंजिनाएवढीच उष्णता काढतं.

उलट, शहरात ठीक आणि हायवेला सतत वेगात असताना तापते, तर शंका रेडिएटरच्या आतल्या-बाहेरच्या चोकअपची, वॉटर पंपाची किंवा अर्धवट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटची. कूलंट वारंवार कमी होतंय आणि कुठे गळती दिसत नाही, सकाळी स्टार्ट केल्यावर एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो आणि ओसरत नाही, किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट तपासा. मग अपग्रेडचा विचार बाजूला ठेवा.

आपल्या भागातला बाहेरचा चोकअप वेगळाच असतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यावर उडणारं भुसकट, उसाच्या ट्रॉल्यांमागचं पाचट, जिनिंगजवळचा कापूस आणि रात्रीचे किडे. हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, पुढून दिसतही नाही. बंपर काढून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारला की फिन आडव्या होतात. आणि सर्व्हिसला काढलेला इंजिनाखालचा ट्रे 'नंतर लावू' म्हणून तिथेच राहिला असेल तर परत बसवून घ्या. रेडिएटरमागची हवा खालून ओढली जायला त्या ट्रेची मदत होते.

आता खरं अपग्रेड

लहान हॅचबॅकला १०० च्या स्थिर वेगाने धावायला इंजिनाकडून साधारण १५ ते २० किलोवॉट लागतात. रिमॅपने हा आकडा बदलत नाही. जादा उष्णता येते ती पाय पूर्ण दाबल्यावरच, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर उसाच्या दोन ट्रॉल्या मागे टाकताना, दहा-पंधरा सेकंद. तेवढी उष्णता आतलं कूलंट आणि इंजिनाचा धातूच पचवतो. कोईंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर वीस मिनिटं सलग चालवणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे मोठा रेडिएटर हवाच.

घ्यायचाच असेल तर पूर्ण ॲल्युमिनियमचा, वेल्डेड टाक्यांचा घ्या. जाडीपेक्षा क्षेत्रफळ महत्त्वाचं. कोर जाड केला की मागच्या थरापर्यंत हवा आधीच तापून पोहोचते आणि फॅनला ती ओढायला जड जाते, त्यामुळे हायवेला फायदा दिसतो पण ट्रॅफिकमध्ये उलटा त्रास होतो. ट्रॅक्टर-ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या दुकानांत तांब्या-पितळेच्या रेडिएटरला रॉडिंग उत्तम करतात, पण ॲल्युमिनियम कोरला ॲसिडने साफ करू देऊ नका. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या की आत आलेली हवा बाजूने न निसटता कोरमधूनच जाते. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि माझ्या मते अख्ख्या यादीतलं सगळ्यात दुर्लक्षित.

टर्बो गाडीत मी रेडिएटरच्या आधी ऑइल कूलरला पैसे घालीन, तोही थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटचा, नाहीतर हिवाळ्यात ऑइल वेळेवर तापत नाही. मोठा इंटरकूलर घेताना तो रेडिएटरच्या तोंडासमोर येतो का ते बघा. एकीकडे इनटेकची हवा थंड करायची आणि दुसरीकडे रेडिएटरची वाट अडवायची, हा रोगापेक्षा इलाज भयंकर.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन गार राहतं, ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरकडे न जाता आतच फिरत राहतो. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅटही क्षमता वाढवत नाही, फक्त सुरुवात लवकर करतो.

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका

आजच्या बहुतेक गाड्यांत हा काटा साधारण ७५ पासून १०५ पर्यंत मुद्दाम ९० वरच स्थिर दाखवला जातो, ग्राहक घाबरू नये म्हणून. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला लागणारा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवर टॉर्कसारखं ॲप घेतलं की खरं तापमान दिसतं. आत फार जादू नाही: मोड ०१, पीआयडी ०५, आलेल्या बाइटमधून ४० वजा केले की अंश सेल्सिअस. पीआयडी ०एफ इनटेकच्या हवेचं तापमान देतो. कुठलाही बदल करण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच रस्त्यावर, दुपारच्या त्याच वेळी, एसी लावून लॉग घ्या. त्याशिवाय 'फरक पडला' या म्हणण्याला अर्थ नाही.

माझी अलार्मची मर्यादा ११० आहे. ती ओलांडली की एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. हीटरचा कोर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. ४४ अंशांत हे जिवावर येतं, पण इंजिन वाचतं. तरीही वाढत राहिलं, वाफ दिसली किंवा कूलंट सांडताना दिसलं तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कॅपला हात लावू नका. दाबाखालचं १२० अंशांचं पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येतं. निदान तासभर थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. अगदी अडचण असेल तर इंजिन निवल्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून गावापर्यंत जा, पण त्याच आठवड्यात फ्लश करून घ्या. पुन्हा भरताना एअर लॉक काढायला विसरू नका: हीटर गरमवर ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेला ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर लेव्हल परत बघा. ती थोडी उतरलेली असते.