हट्ट पोराचा, पण पेरला कुणी?

पोर दुकानासमोर अडून बसलं की लोक म्हणतात, "आईनं लाडावून ठेवलंय." आम्ही आज विचारतो, हा हट्ट पोराच्या मनात पेरला कुणी? या प्रश्नावरून दूरदेशी मोठे वाद झाले, कायदे झाले. त्याची हकीकत सांगतो.

१९७० नंतरच्या काळात अमेरिकेत मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांमध्ये खेळण्यांच्या आणि गोड खाऊच्या जाहिरातींचा मारा असायचा. व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगासमोर १९७८ मध्ये एक प्रस्ताव आला. अगदी लहान मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठीच्या टीव्ही जाहिराती बंद कराव्यात, असं त्यात म्हटलं होतं. कंपन्या खवळल्या. एका मोठ्या वर्तमानपत्रानं टोमणा मारला, की सरकार आता देशाची दाई व्हायला निघालंय. मुलांना आवरणं हे आईबापांचं काम. शेवटी १९८० मध्ये तिथल्या संसदेनं आयोगाचे हात बांधले आणि प्रस्ताव बारगळला.

त्याच वर्षी शेजारच्या कॅनडात उलटं घडलं. क्वेबेक प्रांतात १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला बंदी लागू झाली. जाहिरात मुलांसाठी आहे हे ठरवायचं कसं? कायदा तीन गोष्टी बघतो: वस्तू कुणासाठी आहे, जाहिरात कशी मांडलीय आणि ती कधी, कुठे दाखवली जाते. आयर्विन टॉय ही खेळण्यांची कंपनी कोर्टात गेली. बोलण्याचं स्वातंत्र्य आम्हालाही आहे, असं तिचं म्हणणं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये निकाल दिला. स्वातंत्र्य आहे हे खरं, पण लहान मुलं सहज भुलतात, त्यांना जपण्यासाठी ही मर्यादा योग्यच आहे. पाचांपैकी तीन न्यायाधीश या बाजूचे होते. त्या कायद्यातही फट राहिली. दुकानाची सजावट आणि पाकिटावरची चित्रं यांना सूट मिळाली. तरी एक गोष्ट पक्की झाली: कोवळ्या मनावर नेम धरणाऱ्यालाही जाब विचारता येतो.

आपल्याकडे सगळ्या जाहिरातींवर बंदी नाही, पण नियम आहेत. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखर असलेल्या खाऊची जाहिरात करता येत नाही. हा नियम २०२० चा. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं आणखी नियम आणले. "आईबाबांना घ्यायला सांग" असं मुलांना थेट चिथवायचं नाही. पुराव्याशिवाय उंची वाढेल, बुद्धी वाढेल असं सांगायचं नाही. मुलांच्या कार्यक्रमात चिप्स आणि थंड पेयांच्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. फसव्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण तक्रारच झाली नाही, तर नियम कागदावरच राहतात. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवू या: शाळेबाहेरचे फलक बघायचे, मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलायचं. खोटा दावा दिसला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा.

पोराला "नाही" म्हणणं आपल्याला येतंच, बायांनो. आता जाहिरात करणाऱ्यालाही "नाही" म्हणू या.