लोकरीच्या लडी आणि लाल दिवा

गुलमंडीच्या बाजारात साडीला जुळणारे ब्लाउजपीस निवडताना कुणी रंगाचे नाव घेत नाही. दुकानदार तुकडे पुढे टाकतो आणि नजर जुळणी करते. एकेकाळी आगगाडीच्या चालकाची परीक्षाही अगदी अशीच होत असे. फरक एवढाच, की चुकीची किंमत तिथे माणसांच्या जीवाने मोजावी लागे.

१५ नोव्हेंबर १८७५. स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि ९ जण दगावले. उप्साला विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ फ्रिथिओफ होल्मग्रेन यांना संशय आला : इशाऱ्याच्या दिव्याचा रंगच ओळखता आला नसेल तर? पुढच्या वर्षी त्यांनी रेल्वेच्या २६६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्यांत १३ जण रंगांध निघाले. यांपैकी अनेकांना आपला दोष ठाऊकच नव्हता, आणि त्यात नवल नाही. जन्मापासून जग जसे दिसते तसेच ते सर्वांना दिसते, असेच माणूस धरून चालतो.

होल्मग्रेन यांचे साधन म्हणजे रंगीत लोकरीच्या लडींचा ढीग. फिकट हिरवी लड हाती देऊन ‘हिच्यासारख्या वेचा’ एवढेच सांगायचे. लाल-हिरव्यात गोंधळणारा माणूस हिरव्यासोबत करड्या आणि मातकट लडीही निःशंकपणे उचली. रंगाचे नाव विचारायचे नाही, ही यातली खरी युक्ती. पाने हिरवी आणि रक्त लाल, हे पाठांतर रंगांधालाही असते.

गंमत अशी, की मूळ अपघाताचे कारण रंगांधत्व होते हे कधीच निर्विवाद सिद्ध झाले नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याविषयी गंभीर शंका घेतल्या आहेत. तरीही परीक्षा जगभर पसरली. निदान संशयास्पद असले, तरी उपाय गरजेचा होता.

मात्र लोकर म्हणजे दिवा नव्हे. ब्रिटनमध्ये एड्रिज-ग्रीन यांनी हा आक्षेप लावून धरला आणि कंदील-चाचणी पुढे आणली. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून रंगीत प्रकाश दाखवायचा, त्यावर धुके-पावसाचा आभास देणारी काच सरकवायची आणि या वेळी मात्र रंगाचे नाव विचारायचे. चालकाला तरी दुसरे काय करायचे असते?

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातील मनमाड–हैदराबाद मार्गावर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, स्थानक आले. त्या शतकातच जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांची ठिपक्यांची पुस्तिका (१९१७) सर्वत्र रुजली. गुलमंडीलगतच्या औरंगपुऱ्यात भरतीची पुस्तके घेणाऱ्या तरुणाला पुढे हीच पुस्तिका भेटते. स्वच्छ उजेडात, सुमारे ७५ सेंटिमीटर अंतरावर, प्रत्येक पानाला जेमतेम तीन सेकंद. पहिल्या पानावरचा १२ सर्वांनाच दिसतो. सूचना कळली की नाही, हे त्यावरून पाहतात. पुढे निरोगी नजरेला ८ दिसतो तिथे दोष असलेल्याला ३ दिसतो. काही पानांवरचा आकडा केवळ दोष असलेल्यालाच वाचता येतो, त्यामुळे सोंग घेणेही सोपे नाही. लोको पायलटच्या ए-१ वर्गासाठी चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची ६/६ दृष्टी लागते, आणि एड्रिज-ग्रीन यांचा कंदील आजही त्या तपासणीत आहे.

पण जिथे सिग्नल नाही, तिथे ही अट कशासाठी? हा प्रश्न पुण्यात उभा राहिला. भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेच्या संकलन अभ्यासक्रमासाठी २०१५ मध्ये निवडल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारण्यात आला. पाटणा उच्च न्यायालयातही त्याच्या पदरी निराशा आली. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रंगांध विद्यार्थ्यांसाठी संस्थेचे सर्व अभ्यासक्रम खुले करण्याचा आदेश दिला. चित्रपट ही सामूहिक कला आहे. रंगांचे काम सहकाऱ्याच्या मदतीनेही होऊ शकते.

रेल्वेचा कंदील या निकालाने विझला नाही, आणि तो विझू नयेच. परंतु तिथेही सगळी दारे बंद नसतात : सी-१ आणि सी-२ या वैद्यकीय वर्गांतील पदांना रंगदृष्टीची अट नाही. पदापुढे छापलेला हा वर्ग अर्ज भरण्यापूर्वीच वाचता येतो.