चौघांची तबकडी

बीटल्सचं नाव आमच्या पोंभुर्ण्यात काढलं, तर कृषी केंद्राचा मालक विचारतो, "धानावर पडते का जी?" त्याचा दोष नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. मलाही गाण्यातलं फारसं कळत नाही. पण या चार इंग्रज पोरांच्या एका उद्योगाचा इतिहास वाचला आणि वाटलं, अरे, हे तर आपल्याच टेबलावरचं प्रकरण!

१९६३ साली इंग्लंडात बीटल्सचं वेड असं पसरलं की त्यांच्या फॅन क्लबात पत्रांचे ढीग साचले. पोरींनी वर्गणी भरलेली, उत्तराचा पत्ता नाही. प्रलंबित पत्रव्यवहार म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. माझा खालचा खण त्यासाठीच आहे. आम्ही अशा वेळी 'आपले पत्र मिळाले, कार्यवाही सुरू आहे' असं छापील उत्तर धाडतो. बीटल्सचे प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांना याहून बरं सुचलं. नाताळची भेट म्हणून चौघांच्या आवाजातली तबकडी सभासदांना फुकट पाठवायची! तबकडी कसली, लवचीक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. टपालानं सहज जाणारा. १७ ऑक्टोबर १९६३ रोजी जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो लंडनच्या स्टुडिओत जमले. बॅरोंनी लिहून दिलेला मजकूर वाचता वाचता त्यांनी थट्टामस्करी केली, नाताळच्या गाण्याची टिंगल केली आणि चाहत्यांचे आभार मानले.

म्हणजे मूळ हेतू दिलगिरीचा. पण पुढे दर नाताळला तबकडी जाऊ लागली. १९६९ पर्यंत सलग सात. आपल्याकडे दिवाळी अंक, तसा तिकडे हा बोलका नाताळ अंक. त्यात जाहिराती नसत. (शेवटच्या वर्षी रिंगोनं स्वतःच्या सिनेमाची केली, तेवढी सोडून!) १९६६ साली त्यांनी त्यात छोटं नाटुकलं केलं, १९६७ साली खास नवं गाणं.

तेच एकत्र केलेलं शेवटचं. १९६८ च्या फेब्रुवारीत चौघे आपल्या ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यानाला आले होते. पण त्या नाताळच्या शुभेच्छांसाठी एकत्र बसणं काही जमलं नाही. ज्यानं त्यानं आपापलं बोलणं वेगळं मुद्रित केलं आणि केनी एव्हरेट नावाच्या रेडिओ निवेदकानं ते तुकडे जोडले. १९६९ सालीही तेच. संयुक्त खातं कागदावर चालू, पण चौघे खिडकीवर वेगवेगळ्या वेळी येणारे. एप्रिल १९७० मध्ये फूट जगजाहीर झाली. त्या डिसेंबरात क्लबानं सातही तबकड्या एका मोठ्या रेकॉर्डवर घालून सभासदांना पाठवल्या. खातं बंद होताना पासबुक भरून द्यावं, तसं.

हे वाचून मी जरा गप्प झालो. आम्हीही चार भाऊच. पूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईला सगळे गावी यायचे, रात्रभर नाटक बघायचे. आता एक नागपुरात, एक पुण्यात, एक हैदराबादेत. शुभेच्छा वेळेवर येतात, पण मोबाइलवर, सुट्या सुट्या. जोडणारा एव्हरेटही नाही.

परवा मी चौघांच्या ग्रुपवर लिहिलं, "शुभेच्छा नकोत. मंडईला या. चादरी मी आणतो."

दोघांचे अंगठे आले. अंगठा म्हणजे होकार की नुसती पोच, हे बँकेतल्या माणसालाही कळेना. तिसऱ्यानं मात्र विचारलं, "नाटक किती वाजता सुरू होते?"

एक नोंद जमेला धरली आहे.