नाकारलेल्या पर्यायाची नोंद

एखाद्या जुन्या ग्रंथाची संशोधित प्रत हाती घेतली की संपादकाने कोणता पाठ स्वीकारला हे लगेच दिसते; कोणता नाकारला आणि का, हे मात्र त्याने नोंदवले असेल तरच कळते. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पण त्यांनी गाळलेल्या पाठांची आणि त्यामागील कारणांची यादी आपल्यापाशी नाही. संगणकप्रणालींच्या रचनेचा इतिहास पाहू लागलो तेव्हा आम्हांला हीच उणीव तेथेही आढळली. यंत्राने काय करावे हे प्रोग्रॅम सांगतो. तीच रचना का निवडली हे तो सांगत नाही. प्रणाली वर्षानुवर्षे बदलत राहते, निर्णय घेणारी माणसे निघून जातात आणि कारण हरवते.

ही जाणीव नवी नव्हे. अमेरिकेत आर्पानेट हे संगणकजाळे उभे राहत असताना ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या मालिकेतील पहिले टिपण लिहिले. कच्चा विचार किंवा उत्तर नसलेला प्रश्नही येथे चालेल, असे त्याच महिन्यातील तिसऱ्या टिपणात सांगितले आहे. पुढे या मालिकेत एक नियम रुजला : प्रसिद्ध झालेले टिपण बदलायचे नाही, मत बदलले तर नव्या क्रमांकाचे टिपण लिहायचे आणि त्याने कोणते जुने टिपण कालबाह्य झाले ते नोंदवायचे. इंटरनेटच्या घडणीचे टप्पे आज वाचता येतात ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

परंतु लिहून ठेवल्याने सारे उरते काय? डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये याविषयी शंका घेतली. त्यांनी एका कंपायलरचे उदाहरण दिले. विस्तारासाठी तो दुसऱ्या गटाकडे गेला; सोबत संपूर्ण प्रोग्रॅम आणि विपुल दस्तऐवज होते. तरीही नव्या गटाने सुचवलेल्या दुरुस्त्या मूळ रचनेचे सामर्थ्य न ओळखता तिला ठिगळे लावणाऱ्या होत्या. नाउर यांच्या मते प्रोग्रॅमचा प्राण कर्त्यांच्या मनातील आकलनात असतो. तो गट पांगला की प्रोग्रॅम मरतो.

पुढच्याच वर्षी डेव्हिड पार्नस आणि पॉल क्लेमेंट्स यांनी वेगळी वाट सुचवली. रचना प्रत्यक्षात चाचपडत, चुकत घडते. तरी दस्तऐवज मात्र ती तर्कशुद्ध क्रमाने घडली असावी असा लिहावा, जसा गणिती आपली सिद्धता शोधाच्या आडवाटा वगळून मांडतो. इतिहासाच्या दृष्टीने ही सारवासारव ठरली असती. ती ठरत नाही, कारण विचारात घेऊन नाकारलेले पर्याय आणि नाकारण्याची कारणे नोंदवावीत, हा आग्रहही त्याच लेखात आहे.

या नोंदीला २०११ मध्ये मायकेल नायगार्ड यांनी सोपे रूप दिले. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी एक-दोन पानांची, क्रमांक घातलेली नोंद. तीत परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यःस्थिती आणि बरेवाईट परिणाम. निर्णय फिरला तरी नोंद पुसायची नाही. ती कोणत्या नव्या निर्णयाने रद्द झाली एवढे लिहायचे. एरवी नवागतापुढे दोनच मार्ग उरतात, असे त्यांचे म्हणणे : जुना निर्णय डोळे झाकून मानणे किंवा डोळे झाकून मोडणे.

परंपरेशी वागताना आपल्यापुढेही बहुधा हेच दोन मार्ग असतात. नाउर यांची शंका आम्हांला खोटी वाटत नाही. सगळे आकलन कागदावर उतरत नाही. तरीही नाकारलेल्या पर्यायाची एक ओळ मागे उरली, तर पुढच्या पिढीला पूर्वसूरींशी वाद घालता येतो. ती नसेल तर त्यांच्याविषयी केवळ तर्क करीत बसावे लागते.