चांद्याचा परकोट : घरापासून सुरू होणारी दुर्गभ्रमंती

पुणे-नाशिककडच्या मुलांना गड पाहायचा तर पहाटेची एसटी धरली की झाले. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना सह्याद्री रस्त्याने सातशे किलोमीटरांहून दूर. त्यामुळे ‘आपल्याकडे भटकायला काय आहे?’ हा प्रश्न इथे हमखास ऐकू येतो आणि त्याचे ठरलेले उत्तर असते, ताडोबा. पण ताडोबात पायी भटकता येत नाही. नवख्याने पायी सुरुवात करावी अशी जागा चंद्रपुरात आहे, तीही भर शहरात. ती म्हणजे गोंड राजांनी बांधलेला परकोट.

प्रथम जंगलाविषयी, कारण तिथूनच अनेकांची चूक होते.

ब्रिटिश काळात चांद्याच्या रानातली ‘मौज’ म्हणजे शिकार. ती साहेब, संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे यांच्यापुरती. हाका घालणारे गावकरी त्या मौजेचे धनी नव्हते. ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारीवर बंदी आली, १९५५ मध्ये महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान इथे झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. बंदूक गेली, जिप्सी आली. मात्र सामान्य माणसाने त्या रानात पाय ठेवून हिंडावे अशी सोय कोणत्याच काळात झाली नाही, आणि आज ती होऊही नये. मोह, तेंदूपाने, सरपण यांसाठी रानात शिरणारी माणसे या दोन जिल्ह्यांत दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात दगावतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका प्रशिक्षित महिला वनरक्षकाचाही असाच अंत झाला. वीजकेंद्र आणि कोळसा खाणींच्या झुडपांतही वाघ-बिबटे दिसतात. तेव्हा शहराबाहेरच्या झाडीत ‘सहज ट्रेक’ काढणे हे साहस नाही, शुद्ध अविचार आहे.

आता परकोट.

आख्यायिका अशी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशाह बल्लारपुराहून राज्य करीत होता. त्याच्या अंगावर गाठी-फोड उठले होते. एकदा रपेटीत तहान लागली असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी तो प्यायला, त्याने हात-तोंड धुतले आणि व्याधी ओसरली. त्या जागी आज अंचलेश्वराचे देऊळ आहे. पुढे याच परिसरात त्याला एक विपरीत दृश्य दिसले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा शिकारी कुत्र्याचा पाठलाग करीत होता. राणीने सल्ला दिला की ही भूमी पराक्रमाची आहे, सशाच्या धावेच्या मागावरच नगराचा कोट उभारावा.

भेकड प्राणी अंगावर उलटतो ही कथा भारतात अनेक नगरांच्या स्थापनेशी जोडलेली आहे, त्यामुळे ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. तरी ती निरर्थकही नाही. चांद्याचा कोट चौकोनी नाही, गोलही नाही. तो वळतो, आत येतो, पुन्हा बाहेर जातो. लोकांनी या वाकड्यातिकड्या रेषेचे कारण सशावर टाकले. कोटावरून चालणाऱ्याला दुसरे कारण दिसते : पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि दक्षिणेला दोघींचा संगम. आजही इरई फुगली की पुराचे पाणी पठाणपुरा दरवाजापर्यंत येते. नकाशात न कळणारी ही गोष्ट पायांना कळते.

परकोटाची लांबी सुमारे अकरा किलोमीटर सांगितली जाते. काम एका राजाच्या हयातीत संपले नाही. पुढच्या पिढ्यांनी ते पुरे केले. मुख्य दरवाजे चार : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. खिडक्या पाच : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. खिडकी म्हणजे कोटातली लहान वाट, पायी माणसाच्या मापाची. मसण खिडकीच्या नावातच तिचे काम आले. चोर खिडकीविषयी ज्याने त्याने तर्क करावा. दरवाजावरच्या दगडात हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला दिसेल. ते गोंड राजसत्तेचे चिन्ह. रोज त्याखालून दुचाकीने जाणाऱ्या किती जणांनी मान वर केली असेल, हा प्रश्नच आहे.

नवख्याने एका सकाळी अकरा किलोमीटरांचा हट्ट धरू नये. अंचलेश्वर दरवाजाचा भाग पहिल्या दिवसाला पुरेसा आहे. दरवाजाजवळच अंचलेश्वराचे मंदिर आणि गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली वीरशाहाची भव्य समाधी राणी हिराईने बांधवली. पतीच्या खुनानंतर अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभार तिने हाती घेतला. महाकाली मंदिराच्या उभारणीचे श्रेयही तिलाच दिले जाते. चैत्रात त्या देवीच्या यात्रेला मराठवाडा-तेलंगणातून लोक येतात. त्या गर्दीतही हिराईचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते.

१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला. मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने तोफा लावून कोटाला खिंडार पाडले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला मे महिन्यातला तो वेढा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या पिढीची कथा कोटाच्या आत संपते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके, ज्यांचे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, त्यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. ज्या कोटाने गोंड सत्तेचे रक्षण करायचे, त्याच्याच आत एका गोंड वीराला परक्यांनी फासावर चढवले.

मग कोट निरुपयोगी झाला, आणि निरुपयोगी वास्तूचे जे होते तेच झाले. झाडोरा माजला, कचरा साठला, बुरूज दिसेनासे झाले. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण कागदावर होते. झुडपे कागद वाचत नाहीत. १ मार्च २०१७ पासून बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने कोटाची सफाई हाती घेतली. विळे, कुऱ्हाडी, फावडी घेऊन रोज सकाळी श्रमदान. दोनशेहून अधिक दिवस हे चालल्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. प्रसिद्धीपेक्षा महत्त्वाची गोष्ट नंतर घडली. झाडी हटल्यावर कोटाच्या माथ्यावर वाट निघाली आणि रविवारच्या सकाळी तिच्यावरून ‘किल्ला पर्यटन’ सुरू झाले. साफ केलेल्या वाटेवर कुणी चाललेच नाही, तर दोन पावसाळ्यांत ती पुन्हा झाडीत जाते. इथे चालणे हाच जतनाचा भाग आहे.

चालायचे कसे, हेही याच भूमीने ठरवलेले आहे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीपुढे जातो, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा आणि वेळ सूर्योदयाची. पावसाळ्यानंतरच्या उंच गवतात साप असतात. बंद बूट आणि हातात काठी हवीच. पाण्याची बाटली, दोन-तीन सोबती, आणि शक्य तर वाट ठाऊक असलेला एक जण. कड्यांचे दगड निसटलेले आहेत, तिथे फोटोसाठी उभे राहू नये. पिशवीत एक वही असावी : कोणत्या दरवाजावर काय कोरले आहे, कुठे दगड बदललेला दिसतो, कोटाला टेकून कोणाची घरे आहेत. त्या घरांतली वडीलधारी माणसे बोलती झाली तर चालणे थांबवावे.

कोट पुरा झाला की पुढची पायरी आपोआप दिसते. कोटाबाहेर लालपेठकडे रायप्पा कोमटीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, उघड्यावरच राहिलेल्या प्रचंड शिल्पांचा समूह आहे; त्यातली दुर्गेची मूर्ती सुमारे पंचवीस फूट लांब आहे. मग वर्धा नदीकाठचा बल्लारपूरचा किल्ला, भद्रावतीची विजासन लेणी. गडचिरोलीकरांसाठी वैनगंगेकाठचे मार्कंडा आणि वैरागडचा किल्ला. या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. आणि ज्याला जंगलच पाहायचे आहे, त्याने आलापल्ली-भामरागड रस्त्यावरचे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे राखून ठेवलेले जुने सागवन पाहावे, वनखात्याला विचारून आणि दिवसाउजेडी.

परंतु पहिला रविवार अंचलेश्वर दरवाजाचा. सकाळी सहाला तिथे सावली असते, आणि देवळातली घंटा कोटावर ऐकू येते.