राखीव बाकावरून: नादीन आंगेररची कारकीर्द
जर्मन फुटबॉल महासंघाने १९५५ मध्ये आपल्या क्लबांवर महिला संघ चालवण्यास घातलेली बंदी १९७० मध्ये उठली. ती उठल्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, जन्मलेली गोलरक्षक नादीन आंगेरर १९९६ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघातर्फे प्रथम खेळली खरी, पण मैदानावर गोलरक्षकाची जागा एकच असल्याने सिल्के रोटेनबर्गच्या मागे तिची उमेदीची वर्षे राखीव बाकावरच गेली. रोटेनबर्ग जायबंदी झाल्यामुळे वाट्याला आलेल्या २००७ च्या विश्वचषकात तिने एकही गोल होऊ दिला नाही, आणि अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी, म्हणजे केवळ गोलरक्षकासमोर ११ मीटरवरून मारायची किक, अडवली. २०१३ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात नॉर्वेच्या दोन पेनल्टी रोखणाऱ्या आंगेररला फिफाने त्या वर्षीची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवले; बहुतेकदा गोल करणाऱ्यांवर भाळणाऱ्या या पुरस्काराने तोवर एकाही गोलरक्षकाची, पुरुषाचीही, निवड केली नव्हती.