फुटपाथवरची खानेसुमारी

१९८१ सालच्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या फुटपाथवरची माणसं बसमध्ये भरून शहराबाहेर पाठवण्यात आली. त्यांत तमिळनाडूतल्या सेलमकडचा एक भूमिहीन मजूर होता. १९६१ साली कामाच्या शोधात तो मुंबईत आलेला. रासायनिक कारखान्यात रोजंदारीवर काम करायचा आणि पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला प्लास्टिकच्या आडोशात बायको आणि तीन मुलींसह राहायचा. तो आडोसाही फुकट नव्हता, त्यासाठी झोपडपट्टीच्या दादानं त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते. २३ जुलैला महापालिकेनं तो आडोसा पाडला आणि सगळ्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. हा मात्र काम शोधायला परत मुंबईत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

दुसरा माणूस आपल्या संगमनेरचा. गावाकडं चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं तेव्हा त्यानं मुंबई गाठली. महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून नोकरी लागली. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्यानं गल्लीतल्या गुंडाला तीनशे रुपये दिले आणि बांबू-प्लास्टिकला सातशे रुपये घातले. हिशेब तुम्हीच करा. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार देऊन त्यानं काय विकत घेतलं, तर महापालिकेच्या गाडीची वाट बघण्याचा हक्क.

या दोघांच्या कहाण्या मी कल्पनेनं रचलेल्या नाहीत. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या खटल्याच्या निकालपत्रात त्या नोंदलेल्या आहेत. न्यायालयाच्या कागदांत इतकी माणसं जिवंत सापडतील अशी माझी अपेक्षा नव्हती. कवितेच्या माणसानं अधूनमधून निकालपत्रं वाचावीत.

हकालपट्टीचा तो निर्णय मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांचा. आदल्याच वर्षी, १९८० साली, याच अंतुल्यांनी निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली होती. म्हातारी, अपंग, विधवा अशा कितीतरी जणांच्या घरची चूल त्या पैशावर पेटली आणि आजही पेटते आहे. म्हणून त्यांना निर्दय म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मला त्यातून दिसतं ते वेगळंच. निराधाराचं नाव सरकारच्या यादीत असतं, फुटपाथवाल्याचं कुठल्याच यादीत नव्हतं. यादीत नसलेल्या माणसाला बसमध्ये बसवणं सोपं जातं.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. माणसाची रोजीरोटी काढून घेतली तर त्याच्या जगण्याच्या हक्काला अर्थ उरत नाही, हे तत्त्व या निकालानं घटनेच्या एकविसाव्या कलमात वाचलं. कायद्याच्या वर्गांत तो अजून शिकवला जातो. फुटपाथवाल्यांच्या पदरात मात्र वेगळं पडलं. फुटपाथ चालण्यासाठी आहेत आणि ते मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार कायदेशीर आहे, असंही तोच निकाल म्हणतो. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावायचा नाही, एवढी सवलत मिळाली. १९७६ च्या मोजणीत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा द्यावी, असंही त्यात होतं. ४ जानेवारी १९७६ ला सरकारनं मुंबईतल्या झोपडपट्ट्यांची मोजणी केली होती आणि झोपडीवाल्यांना फोटोपास दिले होते. फुटपाथवरची माणसं त्या मोजणीत बहुतेक आलीच नव्हती. म्हणजे हक्क मिळाला, पण तो ज्या कागदावर दाखवायचा तो कागदच नव्हता.

आता भायखळ्याकडे वळू. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘स्पार्क’ ही संस्था काढली. भायखळ्याच्या म्युनिसिपल दवाखान्याच्या मागच्या एका गॅरेजमध्ये तिचं काम सुरू झालं. डिमटिमकर रोड, झुला मैदान, शेख हाफिजुद्दीन मार्ग इथल्या फुटपाथवरच्या बाया तिथं येऊन बसू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी मुसलमान होत्या. निकालानंतर काय होणार, एवढाच प्रश्न घेऊन त्या येत. मोर्चा काढायचा? कोर्टात परत जायचं? त्या वेळी ठरलं ते बघायला फार साधं होतं. आधी आपण किती आहोत ते मोजू या.

खानेसुमारी हा शब्द मला फार आवडतो. दवाखाना, कारखाना, मुसाफिरखाना यांतला जो ‘खाना’, तो म्हणजे घर, जागा. शुमार म्हणजे मोजदाद. फारसीतून आलेला हा शब्द पेशवाईच्या दफ्तरांतही भेटतो. पुढं ‘जनगणना’ आली आणि तो मागं पडला. ‘खानेसुमारी’त मोजली जातात ती घरं. भायखळ्यात मोजायची होती ती अशी घरं, ज्यांना घर म्हणायला कुणी तयार नव्हतं.

ई विभागातल्या फुटपाथवर आणि काही मोठ्या रस्त्यांच्या कडेला ही मोजणी झाली. झोपडीमागून झोपडी. कुठून आलात, कधी आलात, काय काम करता, कामावर कसे जाता, गावी जमीन आहे का, असे प्रश्न होते. सुमारे सहा हजार कुटुंबं आणि सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं मोजली गेली. १९८५ साली तिचा अहवाल इंग्रजीत निघाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘आम्ही, न दिसणारे’ असा होतो. दहा-दहा, वीस-वीस वर्षं एकाच फुटपाथवर काढलेली कुटुंबं त्यात निघाली. ही भटकी माणसं आहेत, आज इथं तर उद्या तिथं, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. बहुतेक जण कामावर चालत जाणारे होते. बसचं भाडं परवडत नाही म्हणून कामाजवळ राहायचं, आणि कामाजवळ मोकळी जागा एकच, ती म्हणजे रस्त्याची कड. गावी परत पाठवायचं म्हणणाऱ्यांना त्यातून कळण्यासारखं होतं की यांतल्या बहुतेकांना गावी परत जायला जमीनच नव्हती.

३१ ऑक्टोबर आला आणि गेला. धास्ती होती तशी सरसकट पाडापाडी झाली नाही. पण महापालिकेची गाडी येणं थांबलं नाही. तेव्हा बायांनी एक युक्ती काढली. गाडी आली की आपला आडोसा आपणच उतरवायचा, बांबू आणि भांडी बाजूला नीट रचून ठेवायची. त्यामुळे सामान जप्त होईना. गाडी गेली की तोच बांबू पुन्हा उभा. याला शरणागती म्हणणारेही भेटतात. ज्याला दर पाडकामानंतर नवा बांबू घ्यावा लागतो, त्यानं म्हटलं तर मी ऐकीन.

१९८६ च्या सुमारास या बायांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जोडीला आला तो झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ, म्हणजे जॉकिन अर्पुतम. कोलारच्या सोन्याच्या खाणीकडून आलेला हा सुतार स्वतः मुंबईच्या रस्त्यावर झोपलेला. अणुसंशोधन केंद्राशेजारची त्याची जनता कॉलनी १९७६ साली उठवली गेली होती. वस्त्या तोडताना सरकार काय करतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. २००० साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ साली तो गेला.

महिला मिलनचं रोजचं काम म्हणजे बचत. दहा-पंधरा कुटुंबांमागे एक बाई. ती रोज फिरून एक रुपया, दोन रुपये, जे असेल ते गोळा करायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी रंगीत कागदाच्या तुकड्यांवर हिशेब ठेवला. एखादीचं मूल तापानं फणफणलं, नवरा कोठडीत गेला, की त्यातून कर्ज मिळायचं आणि सावकाराचं दार टळायचं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. पैसे मागायला रोज येणारी बाई पैशांबरोबर बातमीही नेते. कुणाकडे आज चूल नाही, कोण आजारी आहे, कुणाला दारू चढली आहे, हे तिला माहीत असतं. एकदाच झालेली खानेसुमारी अशी रोजची झाली.

मग या बाया घर बघायला निघाल्या. बसमधून शहर फिरून रिकाम्या जागा पाहिल्या. शहराच्या विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी राखलेली जमीन कुठं आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघून घेतलं. मुंबईत गरिबाला जागा नाही, हे त्यांना आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. जागा होती. मग घर कसं हवं यावर चर्चा झाली. पातळाच्या लांबीनं त्यांनी भिंती मापल्या. ज्यांनी जन्मभर वाकून आत शिरायचं, त्यांनी चौदा फूट उंच खोली मागितली, म्हणजे मध्ये पोटमाळा घालता येईल. संडास घरात नको, काही कुटुंबांत मिळून बाहेर असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. १९८७ च्या सुमारास बांबू आणि कापडाची पुऱ्या मापाची नमुना घरं भायखळ्यात उभी करून त्यांनी प्रदर्शन भरवलं. आपल्या घराबद्दल इतक्या तपशिलानं बोलणाऱ्या बायांना ‘बेघर’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडे आसरा देण्याची रीत जुनी आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. गाडगेबाबांनी पंढरपूरपासून मुंबईपर्यंत धर्मशाळा बांधल्या. पुण्य मोठंच. पण मुसाफिरखाना असो की धर्मशाळा, तिथं येणाऱ्याचं कुठंतरी घर आहे हे गृहीत धरलेलं असतं. संगमनेरच्या त्या माणसाला कुठली धर्मशाळा पुरणार होती?

पुढची हकीकत लवकर सांगतो. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवाल्यांनाही घराचा हक्क मिळाला. मोजणीनंतर दहा वर्षांनी. २००० सालाच्या आसपास रेल्वे रुळांलगतची दहा हजारांवर कुटुंबं याच पद्धतीनं हलली. वस्तीनं स्वतः यादी केली, ती सगळ्यांसमोर वाचली, हरकती मिटवल्या, मग मुक्काम हलवला. भायखळ्यातल्या फुटपाथवाल्यांची ‘मिलन नगर’ ही वसाहत मानखुर्दला झाली.

मानखुर्द म्हणजे भायखळा नव्हे. जी माणसं कामावर चालत जाता यावं म्हणून फुटपाथवर राहिली, त्यांना आता हार्बर लाइनचा पास काढावा लागला. धुणीभांडी करणाऱ्या बाईची चार घरं सुटली, तर मानखुर्दला ती चार घरं कुठून आणायची? त्याच भागात पुनर्वसनाच्या आणखी इमारती झाल्या. त्यांतल्या काही इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथं क्षयाचं प्रमाण जास्त आहे, हे पाहण्यांतून पुढं आलेलं आहे. बायांनी चौदा फूट उंची मागितली होती. बांधणाऱ्यांनी हिशेब मजल्यांचा आणि चटईक्षेत्राचा केला.

आणि या सगळ्या रचनेतून एक माणूस सुटतोच. एकटा. बिगारी, हमाल, घरातून हाकललेला म्हातारा, डोक्यावर परिणाम झालेली बाई. त्यांच्याकडे ना आडोसा, ना कुटुंब, ना बचत गोळा करायला रोज येणारी शेजारीण. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेवाल्यांनी देशभर उघड्यावर झोपणारी माणसं मोजली, ती १७ लाख ७३ हजार भरली. मुंबईत सत्तावन्न हजारांच्या वर. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीत थंडीनं माणसं मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीमागे रात्रंदिवस उघडा असणारा एक निवारा असावा, असं सांगितलं. मुंबईची वस्ती २०११ साली सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्या आकड्याच्या जवळपासही शहर पोचलेलं नाही. नंतरच्या वर्षांत जे थोडे झाले, त्यांतले बरेच लहान मुलांसाठी आहेत. सत्तर वर्षांच्या हमालाला त्यांत जागा नाही.